चार चमच्यांचं तप

माझं वजन एकतीस किलोंनी उतरलं आणि भावनगरच्या आमच्या जैन संघातल्या बायकांनी ठरवून टाकलं की जसुबेन गुपचूप तप करतेय. मी नाही म्हटलं नाही. खोटं बोलले असंही कुणाला म्हणता यायचं नाही, कारण मी तोंडच उघडलं नाही. नजर तेवढी खाली घातली. पण खाली घातलेल्या नजरेचा लोक काय अर्थ काढतात, हे बासष्ट वर्षांच्या बाईला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

खरी गोष्ट अशी. मागच्या थंडीत माझं वजन एकशे अकरा होतं. साधू-साध्वी उतरतात त्या उपाश्रयाच्या अकरा पायऱ्या चढायला मला दोन बायका लागायच्या, एक पुढून ओढायला आणि एक मागून ढकलायला. गुडघ्यांच्या डॉक्टरने हात जोडले. "बा, आधी वजन, मग गुडघे." माझा मुलगा पारस मला अहमदाबादला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरने पोटाला पाच भोकं पाडून जठराच्या वरच्या तोंडाशी एक रबरी पट्टा बसवला. त्या पट्ट्याची नळी डाव्या बरगडीखाली, कातडीच्या आत, एका बटणाला जोडलेली असते. बटणात सुई घालून डॉक्टर पाणी भरतो, की पट्टा आवळतो. अन्नाची वाट बारीक होते. थोडं खाल्लं की पोट भरतं. एवढंच. त्यात चमत्कार नाही आणि पुण्य तर त्याहून नाही.

शेरीत, म्हणजे आमच्या गल्लीत, सांगितलं, पित्ताशयात खडे झाले होते.

का लपवलं, तेही सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्याच शेरीतली सरलाबेन हेच ऑपरेशन मुंबईहून करून आली होती. ती बिचारी भाजीच्या गाडीपाशी उभी होती, तेव्हा मी सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "जिभेला लगाम घालता येईना म्हणून पोटाला गाठ मारून घेतली बाईने." सगळ्या हसल्या. ते वाक्य शेरीत इतकं चाललं की मला त्याचा अभिमान वाटायचा. सरलाबेन पुढच्या वर्षी घर बदलून गेली. आता तेच वाक्य मी स्वतःच्या पोटावर घेऊन हिंडत होते.

ऑपरेशन सोपं, खायला शिकणं अवघड. दवाखान्यातली आहार सांगणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची होती. मला म्हणाली, "बा, तुरीच्या दाण्याएवढा घास. वीस वेळा चावायचा. गिळला की चमचा खाली ठेवायचा. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. आणि आपोआप उसासा आला की थांबायचं. तो उसासा म्हणजे पोट भरलं."

मी म्हटलं, "बेटा, मी चाळीस वर्षं लोकांना जेवू घालतेय. मला जेवायला शिकवतेस?"

ती हसली नाही. म्हणाली, "घालणं वेगळं, बा."

पहिले पाच-सहा आठवडे पातळ आणि मग लगदा, त्यात काही वाटलं नाही. मग एके दुपारी कृपालीने, माझ्या सुनेने, तव्यावरून फुलका काढला. तुपाचा वास आला. मी म्हटलं, दे. पहिला घास मी नेहमीसारखा मोडला, नेहमीसारखा दोनदा चावला आणि गिळला. तो छातीच्या मधोमध येऊन बसला. जणू कुणी आतून दार लावून घेतलं. दुखणं खांद्यापर्यंत गेलं, तोंडात लाळ मावेना. घास खाली ढकलायला मी पेलाभर पाणी प्याले. तीच चूक. पाण्याला जागाच नव्हती. सगळं वर आलं, माझ्या ताटात, पारससमोर, नातवासमोर.

कृपाली उठली. राख आणली, वर टाकली, पुसून घेतलं, माझं तोंड धुतलं. नंतर समजलं की मऊ फुलका अडकतो आणि कडक खाखरा उतरतो, भात गोळा होऊन बसतो आणि बेसनाचा तळलेला गाठिया बेलाशक खाली जातो. गाठियासाठीच ओळखल्या जाणाऱ्या भावनगरात राहून गाठिया उतरतो हे कळणं चांगलं नाही. पंधरा दिवस मी कपाटाआड उभी राहून गाठिया खाल्ले. डब्याचं झाकण वाजू नये म्हणून त्याखाली रुमाल ठेवायचे. वजन काट्यावर जागचं हललं नाही, तेव्हा कृपालीने डबा उचलून शेजारी देऊन टाकला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण खरी अडचण घासाची नव्हती, ताटाची होती. आमच्यात ताटात उष्टं टाकत नाहीत. दोन घडीत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत, उष्ट्यात जीव पडतात. म्हणून जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटाने फिरवायचं आणि ते पिऊन टाकायचं. ताट कोरडं पुसायचं. लहानपणापासून मी एकही दिवस हे चुकवलं नव्हतं. आता जेवणावर पाणी चालत नव्हतं. आणि हाताला सवय जुनी, वाढून घ्यायचे पळीभर, जायचे चार चमचे. उरलेल्याचं काय करायचं?

पहिल्या दिवशी मी ताटाकडे बघत बसले. कृपालीने माझ्यासमोरून ताट ओढलं, उरलेली खिचडी खाल्ली, त्यात पाणी घातलं, बोट फिरवलं आणि प्याली. सासूचं उष्टं. मग ताट पुसून ठेवलं आणि कुकर लावायला गेली.

कृपाली राजकोटच्या वैष्णव घरातली. त्यांच्यात ही रीत नाही. लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्या घरी पंगतीला बसली तेव्हा तिने वाटीत दोन घोट डाळ ठेवली होती. समोर माझ्या नणंदा होत्या, जावा होत्या. मी म्हटलं होतं, "आमच्या घरात डुकरं पाळलेली नाहीत, वहू. पाणी घाल आणि पी." बावीस वर्षांची पोर, हाताची मेंदी ओली म्हणावी इतकी ताजी. तिने वाटीत पाणी घातलं आणि सगळ्यांच्या देखत प्याली. डोळ्यांतून पाणी वाटीत पडत होतं. मी तेव्हा नणंदांकडे बघून मान हलवली होती, बघा कशी वळण लावते म्हणून.

सात महिने ती माझं ताट धुऊन पीत राहिली.

त्यातल्या पहिल्याच महिन्यात मी एक हिशेब काढला. चौथी शिकलेय, पण हिशेबाला कच्ची नाही. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसताना आम्ही समोर वाळूची घडी ठेवतो, ती बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटांची असते. सगळी वाळू खाली आली की सामायिक पुरं. तेवढाच वेळ उष्ट्याला आहे. खाऊन झाल्यावर अर्धा तास थांबायचं तर खायला राहिली अठरा मिनिटं. अठरा मिनिटांत जेवायचं, तीस मिनिटं थांबायचं आणि शेवटची वाळू पडायच्या आत ताट धुऊन प्यायचं. कृपालीने घडीच्या काचेवर नखांच्या लाल रंगाने एक रेघ मारून दिली. वाळू रेघेपर्यंत आली की चमचा ठेवायचा.

देवाचं नाव घ्यायची घडी मी खिचडी खायला वापरत होते. काय म्हणायचं ते म्हणा. शिवाय ते जमतही नव्हतं. मन घाईला आलं की घास मोठा व्हायचा, घास मोठा झाला की अडकायचा, अडकला की मोरीकडे पळायचं, आणि ताट पुन्हा कृपालीकडे.

असं चाललेलं असताना चैत्रात संघाचं जेवण झालं. माझ्या शेजारी इंदुमती बसली. इंदुमती माझ्या वयाची, पोरपणापासूनची, तपाच्या बाबतीत संघात पहिला नंबर. आठ उपवास तर ती हसत करते आणि मग सगळ्यांना सांगते. तिने बघितलं, मी चार चमचे घेतले. पाण्याला हात लावला नाही. चौथ्या चमच्याला मला तो उसासा आला आणि मी चमचा खाली ठेवला.

"जसु," इंदुमती माझ्या कानाशी आली, "उणोदरी करतेस?"

भुकेपेक्षा कमी खाऊन उठणं, हेही आमच्यात तपच आहे. आणि जो ते न सांगता करतो त्याचं मोल जास्त.

मी नजर खाली घातली.

"मला वाटलंच! पाणीसुद्धा सोडलंयस! आणि तो सुस्कारा! अगं बायांनो, असा वैराग्याचा सुस्कारा मी आपल्या साधू महाराजसाहेबांच्या तोंडूनसुद्धा ऐकला नाही!"

त्या दिवसापासून लोक मला "शाता आहे ना?", म्हणजे बरं आहे ना, असं विचारायला लागले, जसं तप करणाऱ्याला विचारतात. बायका पाय दाबायला येऊ लागल्या. खरं सांगते, पहिले चार दिवस मला गोड लागलं. बासष्ट वर्षांत माझ्या तोंडाला घाबरून लोक मान द्यायचे. आता पहिल्यांदा मनापासून देत होते. रात्री पायांना त्यांच्या हातांचा उबारा जाणवायचा आणि मी पांघरुणात तोंड लपवायचे.

आणि मग इंदुमतीने मैत्रीला आणलं.

मैत्री तिची सून, लग्नाला दोन वर्षं झालेली, अंगाने भरलेली, गोरी, सारखी ओढणी सावरणारी. श्रावण लागला तशी इंदुमती रोज दुपारी तिला माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवू लागली. "हिला बघू दे तू कशी जेवतेस. बासष्टाव्या वर्षी जसुने जीभ जिंकली आणि ही सत्ताविसाव्या वर्षी श्रीखंडाच्या वाटीला जिंकू शकत नाही. आजपासून तूही चार चमचे. जसुमासीसोबत."

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "लहान आहे गं, हळूहळू घेऊ दे." बस एवढंच. म्हणजे वर शहाणपणही माझ्याकडेच.

रोज ती माझ्यासमोर बसायची. मी चार चमचे खायचे कारण पाचव्याला आत जागा नव्हती. ती चार चमचे खायची कारण सासू बघत होती. एकदा इंदुमती फोन घ्यायला बाहेर गेली, तेव्हा मैत्रीने विचारलं, "मासी, तुम्हाला भूक लागत नाही?"

"सवय होते," मी म्हटलं.

"मला होत नाही. मी न्हाणीघरात नळ सोडून रडते. तुमच्यासारखं मन माझ्याकडे नाही. मी खालचीच आहे ना, मासी?"

कृपाली ओट्यापाशी उभी होती. तिचा हात थांबला. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. तीच गोष्ट मला सोसेना. मी खाखऱ्याचा तुकडा मोडला आणि म्हटलं, "खा, वाळू चाललीय."

पर्युषण आलं, आमचे तपाचे आठ दिवस. शेवटचा दिवस संवत्सरीचा, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी इंदुमती हातात कागद घेऊनच आली. उद्या व्याख्यानात तप करणाऱ्यांची नावं वाचायची होती, टिळा लावून, शाल घालून. "बघ, तुझं नाव वरून तिसरं. माझ्या आधी! मीच सांगितलं त्यांना, जसुचं आधी घाला. आता काही बोलू नकोस, आणि हो, उद्या वरघोड्याच्या मिरवणुकीत बग्गीत बसायचंय. पूर्वी घोडा बिचकला असता, आता काही हरकत नाही."

ती हसली. मीही हसले. कृपालीने माझ्यापुढे मुगाची डाळ आणि आसट खिचडी ठेवली, मैत्रीपुढेही तेवढीच. घडी उलटी केली. वाळू सुरू झाली.

मी पहिला चमचा घेतला आणि बघितलं तर मैत्रीने आपला चमचा उचललाच नव्हता. तिच्या ओठांचा रंग गेला होता. ती ताट सरकवून उठायला गेली, ओट्याला हात लावला आणि हात निसटला. कृपालीने तिला वरच्यावर धरलं आणि जमिनीवर बसवलं.

"नाटकं," इंदुमती म्हणाली. "कालपासून सुरू आहेत. सणासुदीला जसुसारखी बाई शांतपणे बसते, आणि हिला चक्कर! जसु, जरा तूच समजाव हिला. तुझं ऐकेल."

माझ्या तोंडातला घास मी विसाव्या वेळी चावत होते. तो गिळला. मग मैत्रीजवळ सरकले, तिचा थंड हात घेतला आणि माझ्या साडीच्या पदराखाली, बरगडीच्या खाली, त्या बटणावर ठेवला.

"दाब."

ती घाबरली.

"दाब म्हणते ना! लागलं काही?"

"गाठ आहे, मासी."

"गाठ नाही, बटण आहे. आत रबराचा पट्टा आहे, जठराला बांधलेला. अहमदाबादला घातला. खडे-बिडे काही नव्हते. म्हणून मी चार चमचे खाते. पाचवा खाल्ला तर उलटी होते. तुझ्या पोटात पट्टा नाहीये, पोरी. तुला भूक लागणारच. तू खालची नाहीस. मी खोटी आहे."

इंदुमतीचा चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती, पण बघितला. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. मग तिच्या तोंडावर जो भाव आला, तोच चार वर्षांपूर्वी भाजीच्या गाडीपाशी माझ्या तोंडावर होता.

"जिभेला लगाम घालता येईना म्हणून पोटाला गाठ मारून घेतली," ती सावकाश म्हणाली. "कोण म्हणालं होतं गं हे, जसु?"

"मी."

"आणि मी मूर्ख संघभर तुझ्या सुस्काऱ्याचं कौतुक करत फिरले! महाराजसाहेबांना सांगितलं! माझं नाव तुझ्या खाली घालून घेतलं!"

"माझं काढून टाक."

"काढणारच. आणि का काढलं तेही सांगणार."

"सांग. सरलाबेनचा नवा पत्ता मिळाला तर तिलाही सांग, तिला जास्त बरं वाटेल. पण मैत्रीला आधी जेवू दे. मी लाज विकून का होईना, स्वतःच्याच पोटाला पट्टा बांधला. तू तर सुनेच्या पोटाला बांधून स्वतः शाल घ्यायला निघालीस."

हे बोलायला नको होतं, जीभ काही आवळली गेलेली नाही. इंदुमती कागद घेऊन निघून गेली. चपला घालताना तिचा तोल गेला, तिनेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला उठून तिला धरावंसं वाटलं. उठले नाही. कोणत्या तोंडाने उठणार?

मैत्री रडत होती. कृपालीने तवा ठेवला. "पुरे झालं रडणं, फुलके करते. किती खाणार?"

"एक."

"मी विचारलं, किती खाणार?"

"तीन," मैत्री म्हणाली, आणि नाक पुसलं.

ती जेवायला लागली. मी माझ्या ताटाशी परत बसले. वाळू पाव भागही गेली नव्हती. मला वाटत होतं, बायका आता एकमेकींना फोन करत असतील. उद्या उपाश्रयात मी पायऱ्या चढताना सगळ्या बघतील. आता चढता येतात, कुणी ओढायला नको, म्हणून सगळ्यांना नीट मागून बघता येईल. मान वर करून चढायची की खाली घालून, हे मला ठरवता येईना. खाली घातली तर पुन्हा कुणाला वैराग्य वाटायचं.

चमचा उचलला. तुरीच्या दाण्याएवढा घास. चावला. कुणी बघत नव्हतं. मैत्री स्वतःच्या फुलक्यात होती, कृपाली तव्यात. गिळला, चमचा ठेवला. उतरला. दुसरा. तोही उतरला. डाळीला हिंगाचा वास होता, तो मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आला. चौथ्या चमच्याला उसासा आला आणि मी थांबले. वाळू अजून लाल रेघेच्या आतच होती. ताटात चमचाभर खिचडी उरली.

"कृपाली, वाटी दे. उद्यापासून मला ताटच नको. नातवाची ती लहान वाटी आहे ना, तीत चार चमचे वाढ. जास्त मागितलं तर देऊ नको."

"नाही दिलं तर रागवाल."

"रागवेन. देऊ नको."

उरलेली खिचडी मी मैत्रीला वाढली असती, पण ती उष्टी होती. मी बसून राहिले. पाच मिनिटांनी अर्धा चमचा, दहा मिनिटांनी अर्धा. मोरीकडे पळावं लागलं नाही. अर्धा तास थांबणं काही आज पुरं होणार नव्हतं, पण शेवटची चिमूटभर वाळू राहिली तेव्हा छाती मोकळी होती. कृपाली सवयीने आली आणि ताटाला हात घातला.

"राहू दे," मी म्हटलं.

मी ताटात दोन घोट पाणी घातलं. बोट फिरवलं. ताट उचललं आणि एकेक थेंब करत प्याले. थोडं बसलं, थोडं दुखलं, मग गेलं. ताट पुसलं. वाळू संपली.

कृपाली उभीच होती. मी वर बघितलं नाही.

"तुझ्या पहिल्या जेवणाची ती डाळ," मी म्हटलं. उद्या संवत्सरी, उद्या सगळ्यांची क्षमा मागायची असते, शेरीभर फिरून, हात जोडून. इतकी वर्षं मी हिची मागितली नव्हती. सासूने सुनेची काय मागायची? "ती डाळ तुला मी सगळ्यांसमोर..."

"खारट होती, बा," कृपाली म्हणाली. "म्हणून ठेवली होती."

मैत्रीच्या घशात फुलका अडकला, हसल्यामुळे.

"कुणी केली होती?" मी विचारलं.

कृपालीने माझं ताट घेतलं, फडताळात उभं केलं, आणि म्हणाली, "तुम्हीच."